लंकेहून आलेला देव

शिलाई मशीनखाली चिंध्या साठतात ना, तसे हे किस्से माझ्याकडं साठलेत. चिंध्या कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ब्लाउज कापताना पडतात, पायानं बाजूला सारायच्या, आणि दिवाळीच्या झाडलोटीला बघावं तर पोतंभर!

मी कानडी मुलखातल्या वडगावात गेली अठ्ठावीस वर्षं खिडकीत मशीन मांडून बसलेय. खिडकी रस्त्याकडं. आता समोरनं माणूस गेलं की मान वर होणारच की! लोक मला चौकस म्हणतात. आमचे हे दुसरा शब्द वापरतात, तो इथं लिहीत नाही.

आमच्या गल्लीत निम्म्या घरांत माग आणि निम्म्या घरांत मिलिटरी. एका भिंतीआड साडीची खटखट, दुसऱ्या भिंतीआड रिटायर माणसाची खटखट. मी शाळा सातवीपर्यंतच शिकले, पण लेह कुठं, तेजपूर कुठं, जैसलमेरला रेल्वे कुठं बदलायची, हे सगळं तोंडपाठ! कुणाचा मुलगा कुठं पोस्टिंगला आहे ते आपल्याला नको का माहीत?

आणि गल्लीची एक रीत आहे. फौजी सुट्टीवर आला की अजून बूट काढतोय तोवर दारात गर्दी, आणि पहिला प्रश्न एकच. "काय आणलंस?"

कुणी अक्रोड आणतो, कुणी शाल, कुणी कॅन्टीनमधनं मिक्सर. पण हे झालं उघड्यावरचं. नळावर बायका हळू आवाजात वेगळंच बोलायच्या. लढाईतनं येताना कुणी कुणी बंदुका पण आणत्यात म्हणे, आन् इकत्यात!

मला त्याचं लई कुतूहल. आणायची तर कशातनं? ठेवायची कुठं? बायकोला काय सांगायचं? आणि विकत घेणारा तरी तिचं काय करतो, बुजगावण्याच्या हातात देतो का?

हे सगळं मला कळलं. एकदम नाही, चिंधी चिंधी करत.

*

पहिला किस्सा माझ्याच घरातला.

आमच्या गल्लीत घरोघरी हिरव्या लाकडी पेट्या आहेत. मिलिटरीच्या रिकाम्या पेट्या, भंगारात निघालेल्या. कुणी तांदूळ ठेवतं, कुणी पापड. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या फौजी भावाकडनं एक मागून घेतली होती. तिच्यात लोणच्याच्या बरण्या. पेटीवर पांढऱ्या अक्षरात इंग्लिशमध्ये काहीतरी लिहिलेलं. आम्ही समजायचो, कंपनीचं नाव असेल.

एकदा टिळकवाडीच्या एक बाई ब्लाउज शिवायला आल्या. शाळेत इंग्लिश शिकवायच्या. त्यांना लोणचं चाखायला दिलं. बोट चाटत चाटत त्यांनी पेटीवरचं वाचलं आणि त्यांचं बोट तोंडातच राहिलं.

"अहो, यावर लिहिलंय, हातबॉम्ब, नग बारा!"

आम्ही गार! सासूबाई मात्र शांतपणे बरणीचं झाकण लावत म्हणाल्या, "तरीच म्हटलं, ह्या पेटीतलं लोणचं एवढं जहाल का लागतंय!"

*

सगळे जण काय आणलं ते दाखवायचे. एकच माणूस दाखवायचा नाही. समोरचे सुभेदार आप्पा.

आप्पा म्हणजे सरळ माणूस. अजून पहाटे उठून अंगण झाडतात आणि ते पण लेफ्ट-राइट करत. तरुणपणी ते पलटणीबरोबर लंकेला गेलते, तिथल्या लढाईत. मी तेव्हा लग्न होऊन आलेले नव्हते, पण सासूबाईंनी बघितलेलं. परत आले तेव्हा ट्रंकेत तळाशी एक गाठोडं होतं. लाल कापडात घट्ट बांधलेलं, वीतभर लांब, वजनदार.

त्यांच्या आईनं रीतीप्रमाणं विचारलं, "काय आणलंस रं?"

आप्पा गडबडले. तोंडातनं निघून गेलं, "देव हाय आई. उघडू नगंस. उघडायचा न्हाय तो देव."

झालं! आईनं तिथल्या तिथं गाठोडं उचललं, देव्हाऱ्यात ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, आरती केली. तेव्हापासून तो लंकेचा देव. आई गेली, आप्पांची सून आली. रुक्मिणी तिचं नाव, माझी मैत्रीण. तिनंही रोज फूल वाहिलं. गल्लीतल्या बायका नवस बोलायला लागल्या. माझ्या मोठीचं लग्न जमत नव्हतं, मी पण बोलले. दोन महिन्यांत जमलं! मग कशाला शंका काढायची?

एकदा मात्र परशराम हवालदारानं काढली. आप्पांच्या शेजारचाच तो, जिभेला हाड नाही. कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "आप्पा, लंकेतनं देव कसा आला हो? तिथं तर रावण ऱ्हायचा न्हवं!"

सगळे हसले. आप्पा म्हणाले, "म्हणूनच बांधून ठेवलाय."

*

आता परशरामाचा किस्सा.

तो सर्व्हिसमध्ये असताना मी त्याला सांगितलं होतं, येताना जुन्या युनिफॉर्मच्या पितळी गुंड्या मिळाल्या तर आण. आमच्याकडं बटणाला गुंडी म्हणतात. छान चकाकतात त्या, ब्लाउजला पाठीमागं लावल्या की गिऱ्हाईक खूश.

हा कोल्हापूरच्या बसनं पिशवी घेऊन आला. इलेक्शनचे दिवस, कोगनोळी नाक्यावर चेकिंग. कानडी पोलीस बसमध्ये चढला. पिशवी उचलून बघितली तर जड, आत खळखळ आवाज!

"चीलदल्ली एनिदे?" पिशवीत काय आहे?

परशराम मिलिटरी रुबाबात म्हणाला, "गुंड्या हैत!"

कानडीत गुंडु म्हणजे बंदुकीची गोळी. आणि समोर मिलिटरी कट, मिलिटरी मिशा! पोलिसानं शिट्टी मारली. अख्खी बस खाली उतरवली. बायका, पोरं, कोंबड्या, सगळी रस्त्याच्या कडेला लाइनीत. परशराम दोन्ही हात वर करून ओरडतोय, "गुंडु न्हाय ओ, गुंडी! गुंडी!" आणि तो जितका ओरडतोय तितके पोलीस मागं सरकतायत.

शेवटी नाक्यावरच्या साहेबांनी स्वतः काठीच्या टोकानं पिशवी उलटी केली. डांबरावर पितळी बटणं गडगडत गेली.

मग त्या शिट्टीवाल्या पोलिसानं खाली वाकून एक बटण उचललं, स्वतःच्या खाकी शर्टाला लावून बघितलं आणि हळूच विचारलं, "ही एक घेऊ काय? माझी तुटलीया."

*

बटणांवरनं एवढा गोंधळ, मग लायटरवरनं किती व्हावा!

परशरामाकडं पिस्तुलाच्या आकाराचा सिगरेट लायटर होता. हुबेहूब, काळाभोर, जड. बॉर्डरवरच्या कुठल्या बाजारात घेतलेला. निपाणीचा एक तंबाखूवाला त्याच्या ओळखीचा. दुकानात कधीमधी बसणारा, गळ्यात चेन, बुलेटवर फिरणारा. त्यानं तो लायटर कमरेला बघितला आणि मागंच लागला. "हवालदार, तिकडनं आणलंय व्हय? मला द्या!"

परशराम खरं आहे असं एकदाही म्हणाला नाही. खोटं आहे असंही म्हणाला नाही. नुसता मिशीतनं हसला. आणि व्यवहार झाला.

आठ दिवसांनी तंबाखूवाला बुलेट फटफटवत आमच्या गल्लीत. तोंड लालबुंद! कुणाशी तरी बांधावर भांडण झालेलं, ह्यानं ऐटीत पिस्तूल काढलं, रोखलं, चाप ओढला, तर पुढनं ज्योत! समोरच्यानं म्हणे बिडी पुढं केली, "धन्यवाद" म्हणाला आणि पेटवून घेतली.

"फसवलंसा मला!" तंबाखूवाला ओरडला. लायटर कट्ट्यावर आपटला.

"मग जा की पोलिसांत," परशराम थंड.

"जाऊन काय सांगू? बेकायदा पिस्तूल घेतलं, ते खरं निघालं न्हाय म्हणून?"

गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. मी खिडकीत, हसून हसून सुईत दोरा ओवेना. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. आप्पा हसत नव्हते. लायटरकडं बघत होते. मग उठले आणि घरात गेले. मला वाटलं, पोटात दुखत असेल.

लायटर परशरामाकडंच राहिला. त्यावर बिडी पेटवतो तो, रोज कट्ट्यावर.

*

ह्या लायटरची बातमी फिरत फिरत पोलिसांपर्यंत गेली. गेली तेव्हा लायटरचं काय काय होऊन गेलं असेल ते देव जाणे!

एका दुपारी नवीन कॉन्स्टेबल आला. तिकडं वरच्या जिल्ह्यातला, मराठी येत नव्हती. हिंदीत विचारायचा. गल्लीच्या तोंडाशी म्हातारी तानीआज्जी वाती वळत बसलेली. त्यानं दरडावून विचारलं, "आजी, इस गली में कट्टा किसके पास है?"

आता गावठी पिस्तुलाला कट्टा म्हणतात, हे पेपर वाचणाऱ्यांना माहीत. तानीआज्जीला कुठलं? तिला बसायचा कट्टा माहीत!

"कट्टा? आमच्यात एकच हाय. सुभेदार आप्पांच्या दारात."

कॉन्स्टेबलनं वही काढली. "कौन कौन इस्तेमाल करता है?"

"समदी! सांजच्याला पाच वाजल्यापासनं."

"सब लोग?"

"बायका न्हाईत. बायकांना मागल्या बाजूला बारका कट्टा हाय."

त्याचं पेन थांबलं. "कब से है ये?"

"आमच्या सासऱ्यानं बांधला की! लई जणांना पाडलंय त्यानं. मागल्या पावसाळ्यात शेवाळ धरलं, तवा तिघंजण पडली. एकाचं माकडहाड गेलं."

कॉन्स्टेबल पळतच आप्पांच्या दारात. आप्पा कट्ट्यावर बसलेले. त्यानं विचारलं, "कट्टा कहाँ है?" आणि आप्पांचा चेहरा असा पांढरा पडला की मी मशीन थांबवलं. मीच धावत गेले, हात लावून दाखवलं, "साब, ये ये! ये कट्टा! इस पे बैठता!"

तो बिचारा बसला थोडा वेळ. चहा घेऊन गेला. पण आप्पांच्या हातातली कपबशी थडथडत होती, ते मी बघितलं. पोटदुखीनं कपबशी थडथडत नाही.

*

मधे एक किस्सा सांगते, हसायचं की काय ते तुम्हीच बघा.

निपाणीच्या बाजूच्या एका गावात दिलेली एक बाई माझ्याकडं साड्यांना फॉल लावून घ्यायला यायची. नाव नको. तिचा नवरा फौजेत होता आणि त्यानं खरोखरच आणलं होतं. लायटर नव्हे. एकदा नव्हे, दोनदा. आणि विकलं. विकलेल्यातलं एक उसाच्या फडातल्या भांडणात उडालं आणि एक तरणा माणूस गेला. नवरा आता तुरुंगात. वर्दी गेली, बिल्ले गेले. ती इथं माहेरी आली.

मला विचारायला नको होतं, पण तोंड गप्प बसलं नाही. "कशातनं आणलं गं त्यांनी?"

"प्रेशर कुकरमधनं," ती म्हणाली. "मला म्हणालते, तुला कॅन्टीनमधनं नवा कुकर आणलाय. आक्का, मी लई खूश झालते. शेजारणीला दाखवून आलते."

मी म्हटलं, "मग आता कुकर?"

"पोलिसांनी न्हेला. पुरावा म्हणून." ती साडीची घडी घालत राहिली. "शिट्टी तेवढी राहिलीया. धुवून खिडकीत ठेवलेली, ती त्यांना दिसली न्हाय."

त्या दिवशी फॉल लावताना मला दोनदा सुई टोचली.

*

आता तेलाचं सांगते. इथनं पुढं मी गप्प बसायला हवं होतं, पण तो स्वभाव नाही.

खंडेनवमीला आमच्या गल्लीत सगळी हत्यारं पूजेला. मागवाले माग धुतात, धोट्याला कुंकू लावतात. फौजी कुकरी नाहीतर परेडची काठी मांडतात. मी मशीनला झेंडूची माळ घालते. आदल्या दिवशी मशीन पुसून तेल घालायचं, हा नेम.

आणि दरवर्षी त्याच दिवशी सुभेदार आप्पा वाटी घेऊन यायचे. "सुमन, मशीनचं तेल दे गं जरा. देवाला पायजे."

लंकेच्या देवाचे नेमच वेगळे. आप्पांनी पहिल्यापासून घालून दिलेले. देवाला पाणी चालत नाही. अभिषेक नाही. दही-दूध नाही. नारळाचं पाणी अंगावर उडता कामा नये. वर्षातनं एकदा आप्पा देव्हाऱ्याची खोली आतनं बंद करून देवाला तेल लावणार, पुसून परत बांधणार. बास.

इतकी वर्षं मी तेल दिलं. आपल्या तेलानं देव न्हातोय म्हणून वरनं आणखी दोन थेंब दिले!

गेल्या वर्षी मात्र मशीनमध्ये तेल सोडता सोडता माझा हात थांबला. मशीनला तेल कशाला घालतात? लोखंड गंजू नये म्हणून. पाणी का लावत नाहीत? गंजू नये म्हणून.

म्हटलं, हा कुठला देव बाई, ज्याला गंज चढतो!

लंकेची लढाई. वीतभर गाठोडं. जड. कट्टा म्हटल्यावर थडथडलेली कपबशी. सगळ्या चिंध्या एका जागी आल्या. आणि मी त्या देवाला पोरीच्या लग्नाचा नवस बोलले होते!

*

तरी वर्षभर मी तोंड बंद ठेवलं. आमचे हे विचारायचे, "तुला बरं न्हाय का?"

पण यंदा बंद ठेवणं अवघड झालं. आप्पांची नात अश्विनी, रुक्मिणीची एकुलती एक, फौजदार झाली. आमच्या गल्लीतली पहिली पोरगी! ट्रेनिंग संपवून खंडेनवमीच्या चार दिवस आधी घरी आली. पहिलं पोस्टिंग हातात, जॉइन व्हायचं दसऱ्यानंतर.

आणि रुक्मिणीनं नळावर जाहीर केलं. "मी लंकेच्या देवाला बोललेते. पोरगी फौजदार झाली की तुला उघड्यावर आणीन, समद्या गल्लीला दर्शन घडवीन. खंडेनवमीला गाठोडं उघडणार. ठाण्याच्या मोठ्या साहेबांना पण बोलावलंय."

माझ्या हातातली घागर सांडली.

दुपारी आप्पा वाटी घेऊन आले, यंदा एक दिवस आधीच. मी तेलाची बाटली धरली, पण ओतलं नाही.

"आप्पा," मी म्हटलं, "देव कुठल्या मेकचा?"

आप्पा मशीनपुढच्या स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसले.

"परदेशी हाय," म्हणाले. "तिथं एका घरात पडलेलं घावलं. जमा करायला पायजे होतं. न्हाय केलं. वर पत्रा न्हवता गं घराला. म्हटलं, निपाणीला एक गिऱ्हाईक हाय, दोन दिवसांत इकून टाकू."

"मग विकलं का नाही?"

"आईनं आरती केली न्हवं! मग कसं इकायचं? देव कोण इकतं व्हय?" त्यांनी वाटी मांडीवर ठेवली. "नंतर फेकायचं म्हटलं तर आई रोज फूल घालायची. आई गेली, तर सून घालायला लागली. आता ते उघडलं की मी आत. माझं काय न्हाय, मी जातो आत. पण पोरीची वर्दी? फौजदाराच्या देव्हाऱ्यात चोरीचं पिस्तूल! अजून एक दिवस घातली न्हाय तिनं ती वर्दी."

"सुनेला सांगा."

"सांगितलं, देव उघडू नगं, कोपंल. तर म्हणती, नवस न फेडल्यावर कोपंल."

"अश्विनीला सांगा."

"तिला काय तोंडानं सांगू? तिला सॅल्यूट कसा ठोकायचा ते मी शिकवलंय." आप्पा उठले. दारात थांबून म्हणाले, "सुमन, कुणाला बोलू नगंस."

मी शब्द दिला. तेल पण दिलं, सवयीनं.

*

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीच्या आदल्या दुपारी, अश्विनी नवी खाकी पँट घेऊन माझ्याकडं आली. कमरेत ढिली होती. मी टीप मारली, तिनं आत जाऊन घातली, आरशापुढं उभी राहिली. काय रुबाब! मला भरूनच आलं.

मी शब्द पाळला बरं का. पिस्तूल हा शब्द तोंडातनं काढला नाही. फक्त दोरा तोडता तोडता म्हटलं, "गं अश्विनी, तुमच्या देवाला मशीनचंच तेल का लागतंय गं? खोबरेल का चालत न्हाय?"

अश्विनी आरशातनं माझ्याकडं बघत राहिली. ट्रेनिंग घेतलेली पोरगी ती.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"तुझ्या जन्माच्या आधीपासनं."

"बरं," ती म्हणाली. "पँट बरोबर बसली आक्का. अशीच घालून जाते."

रुक्मिणी त्या वेळी देवाला नवीन लाल कापड आणायला खडेबाजारात गेलेली. आप्पा आत झोपलेले. अश्विनी घरात गेली, दार लागलं. मी बघत नव्हते, आपलं दिसलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली, स्कूटी काढली आणि मान वर न करता हायवेच्या दिशेला गेली.

पाच वाजता कट्टा भरला. परशराम सगळ्यांचे खिसे चाचपत होता. "अरं, माझा लायटर बघितला का कुणी? दुपारी हितंच ठेवून जेवायला गेलतो!"

*

खंडेनवमीला सकाळपासून आप्पांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. ठाण्याचे साहेब सोफ्यावर, गळ्यात हार. तानीआज्जी पुढं. आमचे हे सुद्धा आलेले. अश्विनी साडी नेसून आईशेजारी उभी, हातात आरतीचं तबक.

रुक्मिणीनं गाठोडं पाटावर ठेवलं. आप्पा भिंतीजवळ उभे होते. सावधान! टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला, डोळे समोर. माणूस शिक्षा ऐकायला उभा राहतो तसे.

पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. माग त्या दिवशी बंद, गल्लीत एवढी शांतता की मला माझ्याच बांगड्या ऐकू यायला लागल्या. शेवटचं कापड बाजूला झालं.

पिस्तूल! काळंभोर, कुंकवाच्या मधोमध!

कुणीतरी "आई गं!" म्हणालं. साहेब सोफ्यावरनं ताडकन उठले. दोन पावलांत पाटाशी आले, रुमालानं ते उचललं, उलटंसुलटं केलं. आप्पांनी डोळे मिटले. साहेबांनी छताकडं रोखून चाप ओढला.

टक. आणि पुढनं छोटीशी ज्योत!

मग रुक्मिणी ओरडली, "ज्योत! देवानं ज्योत दाखिवली!" सगळ्या बायकांचे हात जोडले गेले. तानीआज्जी तर रडायलाच लागली. साहेब बिचारे हातात ज्योत धरून उभे. एवढी माणसं हात जोडून बघतायत म्हटल्यावर करणार काय? अश्विनीनं तबक पुढं केलं. साहेबांनी त्याच ज्योतीनं कापूर पेटवला!

माझ्या शेजारी परशराम उभा. त्याचे डोळे हे एवढे. "अरं, त्यो तर माझा..." एवढं तोंडातनं निघालं आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. मशीन चालवणारा पाय आहे माझा. तो पुढचा शब्द विसरला.

आप्पांनी डोळे उघडले. आधी ज्योतीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान हलवली, मी नाही. मग त्यांनी नातीकडं बघितलं. नात कापूर विझू नये म्हणून तबकाभोवती हात धरून उभी होती.

दसरा झाल्यावर दोन दिवसांनी परशराम कट्ट्यावर पेपर मोठ्यानं वाचत होता. हायवेच्या बाजूच्या कुठल्याशा ठाण्यातली बातमी. "तक्रार पेटीवर पिस्तूल, तक्रार मात्र नाही! कुणा अज्ञातानं चिंधीत गुंडाळून ठेवलेलं जुनं परदेशी पिस्तूल पोलिसांनी ताब्यात घेतलं. इतकं जुनं असून त्यावर गंजाचा ठिपकाही नव्हता, याचं अधिकाऱ्यांना नवल वाटलं."

"ठिपका पण न्हाय?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय म्हणून लिवलंय."

आप्पा जरा ताठ बसले.

त्याच दुपारी अश्विनी माझ्याकडं आली. दुसऱ्या दिवशी जॉइन व्हायचं होतं. खाकी पँट मशीनवर ठेवली. उजव्या खिशावर काळपट डाग होता, वीतभर लांब.

"आक्का, हे निघंल का हो?"

मी पँट नाकाशी धरली. तो वास मला अठ्ठावीस वर्षांचा पाठ.

"कसलं तेल गं हे?"

"देवाचं," अश्विनी म्हणाली.